चौदा किलोच्या सिलिंडरमधून त्रेचाळीस किलो वायू कसा निघतो?

घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस भरलेला असतो. तो जळून संपेपर्यंत त्यापासून सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेट्रोलचेही तसेच आहे. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, पण ते जळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड सव्वादोन किलोच्या पुढे जातो. हवामानबदलाच्या बातम्यांत असे आकडे वाचले की चोखंदळ वाचकाला शंका येते की छापताना दशांशचिन्हाची जागा चुकली असावी. जे जळले त्याच्या तिप्पट वजनाचे काही निघेलच कसे?

आकडा बरोबर आहे आणि तो तपासण्याचे साधन घरोघरी पडलेले आहे. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात रासायनिक समीकरणे संतुलित करण्याचा जो भाग असतो, तोच या आकड्याचा उगम आहे. दुर्दैवाने तो भाग बहुतेक मुले दोन-तीन गुण मिळवून देणारे कोडे म्हणून सोडवतात. इकडे दोन लिहा, तिकडे तीन लिहा, जुळले की पुढच्या प्रश्नाकडे वळा. त्या आकड्यांना काही अर्थ असतो, हे सांगायचे बहुधा राहून जाते. या लेखात तो अर्थ सिलिंडरच्याच आधाराने पाहू.

आधी चार शब्द

पदार्थ ज्या सूक्ष्म कणांचे बनलेले असतात त्यांना अणू म्हणतात आणि ठरावीक अणू ठरावीक संख्येने एकत्र बांधले गेले की रेणू होतो. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. हवेतला ऑक्सिजन सुटा राहत नाही. त्याचे दोन-दोन अणू एकमेकांना धरून असतात. कोणत्या रेणूत कोणते अणू किती, याची नोंद म्हणजे रेणुसूत्र. या लेखात सूत्रांऐवजी पदार्थांची नावेच वापरली आहेत, कारण रेणूत काय किती आहे हे एकदा सांगितले की हिशेबापुरते तेवढे पुरते.

रासायनिक अभिक्रियेत जुने रेणू सुटतात आणि त्यांचेच अणू नव्या पद्धतीने बांधले जातात. अभिक्रियेत शिरणारे पदार्थ म्हणजे अभिक्रियाकारके, तयार होणारे पदार्थ म्हणजे उत्पादिते. समीकरणात पहिली डावीकडे, दुसरी उजवीकडे आणि मध्ये बाण असतो. प्रत्येक पदार्थापुढे त्याचे किती रेणू लागतात याचा जो आकडा लिहितात, त्याला सहगुणक म्हणतात. समीकरण संतुलित करणे म्हणजे हे सहगुणक असे शोधणे की प्रत्येक जातीचे जितके अणू डावीकडे, तितकेच उजवीकडे राहतील.

फुलबाजारातले उदाहरण घेतले तर, हार सोडून त्याच फुलांचे गजरे ओवले की हारांची संख्या आणि गजऱ्यांची संख्या सारखी असण्याचे काही कारण नसते, पण फुले मात्र तितकीच राहतात. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू, असे तीन रेणू मिळून पाण्याचे दोनच रेणू होतात. "दोन आणि एक तीन, मग उत्तर दोन कसे?" असे विचारणारा विद्यार्थी हार आणि गजरे मोजत असतो, मोजायची असतात फुले.

हा नियम जमाखर्चाच्या माणसाने मांडला

अणू नाहीसा होत नाही आणि नव्याने उपजत नाही, हे आज आपण गृहीत धरतो. अठराव्या शतकात ते उघड नव्हते. लाकूड जळाले की मूठभर राख उरते, म्हणजे पदार्थ कमी झाला; कथील हवेत तापवून त्याची भुकटी झाली की ती मूळ धातूपेक्षा जड भरते, म्हणजे पदार्थ वाढला. दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर घडत होत्या आणि त्यांना जोडणारे सूत्र सापडत नव्हते.

ते सापडले आंत्वान लव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला. त्याने १७७४ च्या सुमारास कथील बंद काचपात्रात ठेवून तापवले. धातूची भुकटी झाली, पण पात्रासकट केलेले वजन तसूभरही बदलले नाही. पात्र उघडल्यावर मात्र बाहेरची हवा आत शिरली आणि तेव्हा कुठे वजन वाढले. याचा अर्थ, कथिलाने आपले वाढीव वजन पात्रातल्या हवेतून घेतले होते आणि तितकी जागा आत रिकामी झाली होती. पुढे १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रसायनशास्त्रावरील ग्रंथात त्याने हा नियम स्पष्ट शब्दांत मांडला की कोणत्याही क्रियेत काहीही नव्याने निर्माण होत नाही, क्रियेपूर्वी जितके द्रव्य तितकेच क्रियेनंतर असते. त्याच ग्रंथात द्राक्षाचा रस आंबण्याच्या क्रियेसाठी त्याने एका बाजूला रस आणि दुसऱ्या बाजूला त्यापासून होणारा वायू व अल्कोहोल अशी बेरीज मांडून मध्ये बरोबरीचे चिन्हही घातले.

लव्हाझिएचा उदरनिर्वाह प्रयोगशाळेवर चालत नव्हता. तो फ्रान्सच्या राजाकरिता कर गोळा करणाऱ्या खासगी मंडळीतला एक भागीदार होता, आणि त्याच कारणाने क्रांतीच्या काळात, ८ मे १७९४ रोजी, त्याचा शिरच्छेद झाला. वहीच्या दोन बाजू जुळल्याच पाहिजेत, न जुळल्यास कोठेतरी नोंद राहिलेली आहे, ही जमाखर्चाची शिस्त त्याने काचपात्राला लावली असे मला नेहमी वाटते. राख कमी भरली तर पदार्थ नष्ट झाला असे न म्हणता, खर्चाच्या बाजूला कोणती नोंद करायची विसरलो, असा प्रश्न त्याने विचारला. विसरलेली नोंद बहुतेक वेळा वायूची निघाली.

सिलिंडरची वही मांडू

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रामुख्याने ब्युटेन आणि प्रोपेन हे दोन वायू असतात. हिशेब सोपा राहावा म्हणून सिलिंडरमध्ये केवळ ब्युटेन आहे असे धरू. प्रोपेन धरला तरी उत्तरात फारसा फरक पडत नाही. ब्युटेनच्या रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू असतात. तो ऑक्सिजनबरोबर पूर्ण जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत कार्बनचा १ व ऑक्सिजनचे २ अणू असतात.

सुरुवात कार्बनपासून करावी. डावीकडे ४ कार्बन, आणि कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूत एकच कार्बन मावतो, म्हणून त्याचे ४ रेणू झाले पाहिजेत. मग हायड्रोजन. डावीकडे १० आणि पाण्याच्या एका रेणूत २, म्हणून पाण्याचे ५ रेणू. ऑक्सिजनला शेवटी हात लावायचा, आणि यामागे कारण आहे. ऑक्सिजन उजवीकडे दोन्ही उत्पादितांत वाटला गेला आहे, पण डावीकडे तो एकटा, स्वतंत्र पदार्थ म्हणून उभा आहे, त्यामुळे त्याच्यापुढचा आकडा कितीही बदलला तरी आधी जुळवलेला कार्बन आणि हायड्रोजन बिघडत नाहीत. शिक्षक "ऑक्सिजन शेवटी" असे पाठ करून घेतात, ते एवढ्याचसाठी.

आता उजवीकडे ऑक्सिजनचे अणू मोजू. कार्बन डायऑक्साइडच्या ४ रेणूंत ८ आणि पाण्याच्या ५ रेणूंत ५, मिळून १३. येथे गाडी अडते. ऑक्सिजन जोडीनेच मिळतो आणि १३ ही विषम संख्या आहे. चपलांच्या दुकानात तेरा चपला मागितल्या तर दुकानदार सहा जोड देईल आणि सातव्या जोडातली एक चपल सुटी विकायला नकार देईल. त्यावर उपाय एकच, सगळी मागणीच दुप्पट करायची: सव्वीस चपला, म्हणजे बरोबर तेरा जोड. समीकरणातही तेच करतात, सर्व सहगुणक दुप्पट करतात.

२ ब्युटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

पडताळा पाहू. कार्बन दोन्हीकडे ८. हायड्रोजन दोन्हीकडे २०. ऑक्सिजन डावीकडे १३ जोड म्हणजे २६, उजवीकडे १६ आणि १०, म्हणजे २६. वही जुळली.

साडेसहा असे लिहिले असते तर ते चूक ठरले असते का? प्रमाण म्हणून नाही. ऊर्जेचे हिशेब करताना रसायनशास्त्रज्ञ एक ब्युटेन आणि साडेसहा ऑक्सिजन असे राजरोस लिहितात. अर्धा रेणू प्रत्यक्षात असू शकत नाही, म्हणून शाळेत पूर्णांकांचा आग्रह धरला जातो आणि तो योग्यच आहे, पण अपूर्णांक वापरून आधी जुळवावे आणि शेवटी गुणून घ्यावे, ही वाट मुलांना मोकळी ठेवली तर निम्मी खाडाखोड वाचेल.

सगळीच समीकरणे अशी हट्टी नसतात. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की फसफसून विरलेला चुना होतो, त्यात प्रत्येकी एक-एक रेणू पुरतो. चुनखडी भट्टीत भाजली तरी तसेच. अशा ठिकाणी आकडे घालण्यासारखे काही नसतेच, आणि काही विद्यार्थी केवळ सवयीने तेथेही दोन-तीन लिहून मोकळे होतात.

आकडा पुढेच का लिहायचा, आत का नाही?

ऑक्सिजनचा एक अणू कमी पडत असेल तर पाण्याच्या रेणूतच आणखी एक ऑक्सिजन का घालू नये, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतो. कागदावर तो उपाय चालूनही जातो. पण पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू वाढवला की ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होते. जखम धुण्यासाठी किंवा केसांचा रंग उडवण्यासाठी ते वापरतात. ते पिण्याचा पदार्थ नव्हे. कार्बन डायऑक्साइडमधला एक ऑक्सिजन काढून घेतला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो, त्याच्याकडे पुढे यायचेच आहे.

दुकानाच्या गल्ल्यात हिशेबापेक्षा नऊशे रुपये कमी भरले म्हणून शंभराच्या नोटेवर पेनाने आणखी एक शून्य काढले, तर वही जुळेल, गल्ला जुळणार नाही. नोटा किती हव्यात ते ठरवणे आपल्या हातात आहे. नोटेवर काय छापले आहे ते ठरवणे नाही. सहगुणक म्हणजे नोटांची संख्या आणि सूत्रातला आकडा म्हणजे नोटेवरचे मूल्य. हा एक भेद मनात पक्का झाला तर समीकरणांतल्या बऱ्याच चुका आपोआप थांबतात.

नोटेवरचे मूल्यच वाचता येत नव्हते तेव्हा

पण नोटेवरचे मूल्य सांगितले कोणी? पाण्यात हायड्रोजनचे दोनच अणू, हे आज मुले बिनदिक्कत सांगतात; ते ठरायला अर्धशतक लागले. अणूंची कल्पना शास्त्रीय रूपात मांडणाऱ्या जॉन डाल्टनने १८०८ मध्ये पाण्याचा रेणू एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असा मानला होता, कारण वेगळे मानण्याचे कारण त्याला दिसले नाही. त्याच सुमारास फ्रान्समध्ये गे-ल्युसॅकने दाखवले की हायड्रोजनची दोन मापे आणि ऑक्सिजनचे एक माप मिळून वाफेची दोन मापे होतात. डाल्टनच्या पाण्याशी हे जुळेना. एका मापाच्या ऑक्सिजनपासून दोन मापे वाफ व्हायची तर ऑक्सिजनचा प्रत्येक कण मधोमध तुटायला हवा, आणि अणू तर तुटत नाही.

अव्होगाड्रो या इटालियन शास्त्रज्ञाने १८११ मध्ये गाठ सोडवली. सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या मापाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखीच असते आणि हायड्रोजन, ऑक्सिजन यांचे रेणू जोडीचे असतात, असे मानले की सगळे जागेवर बसते. तुटतो तो अणू नव्हे, जोडी तुटते. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, आणि पुढची कित्येक दशके वेगवेगळे रसायनशास्त्रज्ञ एकाच पदार्थाची वेगवेगळी सूत्रे लिहीत राहिले. सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे येथे या गोंधळासाठीच परिषद भरली, आणि तेथे कानिझारो या दुसऱ्या इटालियनाने अव्होगाड्रोचा विचार पुन्हा मांडल्यावर हळूहळू एकवाक्यता झाली. अव्होगाड्रो तोवर चार वर्षांपूर्वीच वारला होता. मुलाला समीकरण जुळवता येत नाही तेव्हा बहुतेकदा त्याची बेरीज चुकलेली नसते, सूत्र चुकलेले असते, हे लक्षात आले की या जुन्या भांडणाचे नवल वाटत नाही.

रेणूंपासून किलोपर्यंत

आता सिलिंडरकडे परत येऊ. रेणू मोजून ८ आणि १० हे आकडे मिळाले. बातमीत मात्र किलो येतात. हायड्रोजनचा अणू १ धरला तर कार्बन १२ आणि ऑक्सिजन १६ भरतो. त्यानुसार ब्युटेनचा रेणू ५८, ऑक्सिजनची जोडी ३२, कार्बन डायऑक्साइड ४४ आणि पाणी १८. हे आकडे समीकरणात घातले की डावीकडे ब्युटेनचे ११६ आणि ऑक्सिजनचे ४१६, मिळून ५३२. उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे ३५२ आणि पाण्याचे १८०, मिळून ५३२.

एकेक रेणू तराजूत घालता येत नाही, म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्यांचा गठ्ठा बांधतात. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण. हा राक्षसी आकडा निवडण्यामागे सोय एवढीच की ब्युटेनच्या एका रेणूचे वजन वरच्या मापात ५८ असेल, तर त्याच्या एका मोलचे वजन ५८ ग्रॅम भरते. सुटी नाणी मोजण्याऐवजी थैली तोलून रक्कम ठरवावी, तसाच हा प्रकार. त्यामुळे रेणूंचे प्रमाण थेट ग्रॅममध्ये आणि किलोमध्ये वाचता येते.

११६ किलो ब्युटेनपासून ३५२ किलो कार्बन डायऑक्साइड, तर १४.२ किलोपासून किती? त्रैराशिक मांडले की उत्तर येते ४३.१ किलो. सोबत २२ किलो पाणी तयार होते, ते वाफेच्या रूपाने निघून जाते म्हणून आपल्या ध्यानात येत नाही. आणि या सर्वासाठी हवेतून लागतो सुमारे ५१ किलो ऑक्सिजन. हीच ती विसरलेली नोंद. सिलिंडरचे वजन आपण तोलून घेतो, त्याचे पैसे देतो. हवा फुकट येते, म्हणून ती वहीत चढत नाही, आणि मग १४ चे ४३ कसे झाले याचे आश्चर्य वाटते. ब्युटेनच्या प्रत्येक कार्बन अणूने स्वतःपेक्षा जड असे दोन ऑक्सिजन बरोबर नेले, इतकेच घडलेले असते.

हवेत वजनाने ऑक्सिजन सुमारे २३ टक्के असतो. म्हणजे ५१ किलो ऑक्सिजनसाठी सव्वादोनशे किलोच्या आसपास हवा लागली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा साडेसहा खोल्यांत मावेल इतकी ही हवा एक सिलिंडर संपेपर्यंत आपल्या शेगडीतून जाते.

"पण वजन जुळते हे अगदी तंतोतंत खरे आहे का?"

भौतिकशास्त्र वाचलेला वाचक येथे आइन्स्टाइनला साक्षीला बोलावील. वस्तुमान आणि ऊर्जा एकच असतील, तर सिलिंडरमधून एवढी उष्णता बाहेर पडल्यावर तितके वस्तुमान कमी व्हायला हवे. मुद्दा बरोबर आहे आणि तो हिशेबात धरताही येतो. १४.२ किलो गॅसपासून मिळणारी उष्णता साधारण ६५ कोटी ज्यूल धरली आणि तिला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने भागले, तर कमी होणारे वस्तुमान एका ग्रॅमच्या लाखाव्या भागाहूनही कमी निघते. नेहमीच्या कोणत्याही तराजूला ते दिसणार नाही. अणूंची संख्या तर तरीही बदलत नाही, कारण जळण्याच्या क्रियेत अणूचे केंद्रक जसेच्या तसे राहते. केंद्रक बदलते ते अणुभट्टीत, आणि तेथे हिशेबाचे नियम वेगळे आहेत.

वही जुळली म्हणजे व्यवहार झाला, असे नाही

संतुलित समीकरणाकडून त्याच्या कुवतीपेक्षा अधिक अपेक्षा करण्याची चूक हुशार विद्यार्थीही करतात. सोन्याचे ४ अणू आणि ऑक्सिजनचे ३ रेणू मिळून सोन्याच्या ऑक्साइडचे २ रेणू होतात, असे समीकरण कागदावर निर्दोष जुळते. मंगळसूत्र मात्र वर्षानुवर्षे हवेत राहूनही गंजत नाही. अभिक्रिया घडेल की नाही, किती वेगाने घडेल, त्यासाठी किती तापवावे लागेल, यांपैकी कशाचेही उत्तर सहगुणकांत नसते. घडली तर कोणत्या प्रमाणात घडेल, एवढेच ते सांगतात.

कधीकधी तर अणू जुळणेही पुरेसे नसते. पूर्वी विहिरीचे पाणी शुद्ध करण्यासाठी जे जांभळे खडे टाकत, ते पोटॅशियम परमँगनेट. सल्फ्युरिक आम्लाच्या उपस्थितीत त्याची हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर अभिक्रिया होते. परमँगनेटचे २ आणि आम्लाचे ३ रेणू घेऊन हे समीकरण जुळवायला बसले, तर पेरॉक्साइडचे १, ३, ५ किंवा ७ रेणू घेतले तरी सर्व अणू जुळतात. प्रत्यक्षात घडणारी अभिक्रिया पाचाची असते. कारण तेथे अणूंबरोबर दुसऱ्या एका वस्तूची देवघेव चाललेली असते, इलेक्ट्रॉनची, आणि तिचाही हिशेब जुळावा लागतो.

तांबे आणि विरल नायट्रिक आम्ल यांच्या अभिक्रियेत ही दुसरी वही स्वच्छ दिसते. तांब्याचा प्रत्येक अणू २ इलेक्ट्रॉन देतो, आणि नायट्रिक ऑक्साइड वायू होणारा नायट्रोजनचा प्रत्येक अणू ३ घेतो. देणारा दोन-दोनच्या पटीत देणार, घेणारा तीन-तीनच्या पटीत घेणार, तर व्यवहार सहावर मिटणार. म्हणून तांबे ३ आणि नायट्रिक ऑक्साइड २. तांब्याच्या ३ अणूंना नायट्रेट होण्यासाठी आणखी ६ नायट्रोजन लागतात, म्हणून आम्लाचे एकूण ८ रेणू, आणि त्यांतल्या ८ हायड्रोजनचे पाण्याचे ४ रेणू. अंदाजाने आकडे घालून हेच समीकरण जुळवायला बसलेल्या विद्यार्थ्याचा अर्धा तास कसा जातो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या उधारीच्या वहीचे मोल कळेल.

तेरा, नऊ आणि पाच

हिवाळ्यात वृत्तपत्रांत अधूनमधून एक बातमी येते. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू असताना कोणी बेशुद्ध पडले, किंवा दगावले. गॅस गळती झाली असेल असा तर्क वाचणारे करतात. अनेकदा गळती झालेलीच नसते. गॅस जळत असतो, पण समीकरण बदललेले असते.

ब्युटेनच्या २ रेणूंना पूर्ण जळण्यासाठी ऑक्सिजनचे १३ रेणू लागतात, हे आपण पाहिले. तेवढे मिळाले नाहीत तर काय? हायड्रोजन आपला वाटा घेऊन पाणी होतो आणि कार्बनला दोनऐवजी एकाच ऑक्सिजनवर भागवावे लागते.

२ ब्युटेन + ९ ऑक्सिजन → ८ कार्बन मोनॉक्साइड + १० पाणी

त्याहूनही कमी मिळाले, तर कार्बनच्या वाट्याला काहीच येत नाही आणि तो काजळीच्या रूपाने तसाच बाहेर पडतो.

२ ब्युटेन + ५ ऑक्सिजन → ८ कार्बन + १० पाणी

तिन्ही समीकरणे संतुलित आहेत. प्रत्यक्ष ज्योतीत त्यांपैकी एकच घडते असेही नाही. हवा कमी पडू लागली की तेराच्या जोडीने नऊचे आणि पाचाचे समीकरणही थोडे थोडे घडू लागते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरून ठेवते, त्यामुळे थोडासाही वायू पुरतो.

सात घनमीटरच्या आसपासचे लहान न्हाणीघर घ्या. त्यातल्या हवेत सुमारे २ किलो ऑक्सिजन असतो. गीझर तासाला ०.९ किलो गॅस जाळतो असे धरले, तर दहा मिनिटांत १५० ग्रॅम गॅस जळेल आणि त्याला अर्धा किलोहून थोडा अधिक ऑक्सिजन लागेल. दार, खिडकी, झडप सगळे बंद असेल आणि बाहेरून हवा येतच नसेल, तर एका अंघोळीत खोलीतल्या ऑक्सिजनचा पावपेक्षा अधिक हिस्सा संपतो, आणि आत उभा असलेला माणूसही त्याच साठ्यातून श्वास घेत असतो. म्हणून गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायला सांगतात. आत असेल तर धूर बाहेर नेणारी नळी आणि ताजी हवा आत आणणारी झडप, दोन्ही लागतात. नुसती धुराची नळी असेल तर समीकरणाच्या उजव्या बाजूची सोय होते, डावीकडच्या तेराची होत नाही.

स्वयंपाकघरात हाच फरक डोळ्यांना दिसतो. बर्नरची छिद्रे साफ असली आणि हवा नीट मिसळत असली की ज्योत निळी राहते. छिद्रे बुजली की ती पिवळी पडते, कारण न जळलेल्या कार्बनचे कण तिच्यात तापून चमकू लागतात, आणि पातेल्याचा बुड काळा होऊ लागतो. शेगडी दुरुस्त करणारा माणूस बर्नर घासून, हवा घेण्याची पट्टी किंचित फिरवून ज्योत निळी करून देतो, तेव्हा तो ऑक्सिजनपुढचा आकडा पाचावरून, नवावरून पुन्हा तेरावर नेत असतो.